मोरचुदातला ओलावा

दर्यापूर,
रविवार, सकाळी

ती. बेबीताईस,

धाकट्या मावसभावाचा, म्हणजे शालिकरामचा, अकोल्याकडे तोंड करून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची शुगर त्यांच्या ताब्यात आहे, की ते शुगरच्या? इकडे सुभद्रा, अपेक्षा आणि मी, तिघंही खुशाल आहोत. फक्त मी बारावीला बसलो आहे. (चष्मा पुसून पुन्हा वाच. बरोबर वाचलंस.)

झालं असं, की आमची अपेक्षा अकरावी सायन्सला गेली आणि दोन महिन्यांत तिनं जाहीर केलं, मोल नावाचा प्रकार डोक्यात शिरत नाही, तेव्हा मी सायन्स सोडून आर्ट्सला जाते. आर्ट्सशी माझं वैर नाही. पण पाचवीपासून जी पोरगी वही घेऊन बेडकांच्या मागे फिरली, तिनं एका धड्याला भिऊन पळावं हे मला पटेना. बापानं सांगावे तसे चार शब्द मी सांगितले. तर म्हणते, "बाबा, तुमी सोता केमिस्ट्रीतच उडाले होते नं? मंग मले काहून सांगून राहिले?" मी म्हटलं, ठीक आहे. मी पास झालो तर तू सायन्स सोडायचं नाही. ती हसली आणि कबूल झाली. तुला आठवत असेलच, सत्त्याण्णव साली तुझ्या घरी राहून मी बारावी दिली आणि त्या वर्षी रसायनाचा पेपर काय भयंकर निघाला होता. तेवढा एकच विषय राहून गेलेला. मुक्त विद्यालयातून त्याचा फॉर्म भरला आहे. आता माघार नाही.

बाजार समितीत बावीस वर्षं मी मापारी आहे, त्यामुळे वजनाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये असा माझा समज होता. पुस्तक म्हणतं, क्लोरीनच्या अणूचं वजन साडेपस्तीस. आणि पुढच्याच पानावर म्हणतं, साडेपस्तीसचा अणू जगात एकही नाही. मी दोन दिवस त्या पुस्तकावर रुसलो. तिसऱ्या दिवशी काट्यापाशी उभा असताना उजेड पडला. समज चार पोती आली, तीन पस्तीस किलोची आणि एक सदतीसचं. सरासरी काढली तर साडेपस्तीस, पण साडेपस्तीसचं पोतं शोधून सापडायचं नाही. अणूंची ही निवड करणारं एक यंत्र असतं, वस्तुमान वर्णपटमापी (क्लासला जाताना हे नाव पुरतं वाचेपर्यंत अमरावतीची जीप वलगाव ओलांडते). त्यात अणूंना विजेचा भार देऊन चुंबकाजवळून पळवतात. हलका जास्त वळतो, भारी कमी. म्हणजे खळ्यावरचं उपणणंच, फक्त वाऱ्याच्या जागी चुंबक.

मोल समजायला मात्र घरादाराला त्रास झाला. मी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घेतले. आमचा काटा एवढ्याशा मालाची दखलच घेत नाही, म्हणून पुडी बांधून सराफाकडे गेलो. बारा ग्रॅम भरले. त्या हिशेबानं पन्नास किलोच्या पोत्यात चार लाखांवर दाणे निघाले, आणि मोजले किती, तर शंभर! मोल म्हणजे एवढंच गं ताई, मोजवत नाही ते तोलून मोजायचं. मी खुशीत घरी आलो, तर माझ्याआधी बातमी पोचलेली, की मापारी पुडी घेऊन सराफाकडे गेला आणि हसत बाहेर आला. सुभद्रेनं पेटी उघडून आपली एकदाणी आणि पाटल्या आहेत का ते पाहिलं. मग माझा खिसा उलटा केला, त्यातून सोयाबीन निघालं, तशी ती जास्तच चिडली. (सोनं निघालं असतं तर निदान भांडता आलं असतं, असं तिचं म्हणणं.) तीन दिवस ती माझ्याशी अपेक्षामार्फत बोलली.

अपेक्षाच्याच क्लासला मीही शनिवार-रविवार अमरावतीला जातो. ती पहिल्या बाकावर बसून मला ओळखत नाही, मी शेवटच्या बाकावर बसून तिला ओळखत नाही. मागच्या शनिवारी स्वानंद सरांनी (वय चोवीस, मला काका म्हणतात) मोरचुदाचं, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटचं, गणित घातलं. अडीचशेला अर्धा ग्रॅम कमी मोरचूद, तर मोल किती? मोरचुदात पाच रेणू पाणी असतं. आता, माल समोर आला आणि त्यात पाणी आहे असं कळलं, की मापाऱ्याचा हात आपोआप चालतो. मी नव्वद ग्रॅम ओलावा कापला, उरलेल्या मालाला पुस्तकातल्या एका मोलच्या, पाण्यासकट वजनानं भागलं आणि उत्तर सांगितलं, शून्य पूर्णांक चौसष्ट. सर म्हणाले, काका, हे पाणी त्या मालाचंच आहे, इथं ओलावा कापत नाहीत. साठ पोरं हसली. मी म्हटलं, ओला माल पूर्ण वजनानं घ्यायचा तर मग आम्ही बाजारात काय करतो? तेव्हा पहिल्या बाकावरून अपेक्षा उठली. "बाबाचं पूर्ण चुकलं नाई सर. त्याइनं ओलावा एकाच पारड्यातून कापला. दोनी पारड्यातून कापला तं उत्तर बरोबर एक मोल येते." सरांनी पुस्तकातल्या वजनातूनही नव्वद कापून फळ्यावर करून पाहिलं. आलं. ताई, माझ्या चुकीतून पोरीला मोल समजला, याचा मला इतका आनंद झाला की मी तिथंच रुमाल काढला. परतीच्या जीपमध्ये मी हळूच विचारलं, मग आता सायन्स पक्कं ना? तर म्हणाली, बोलणं ठरलं ते ठरलं, आधी तुम्ही पास व्हा. तेव्हा मी रोज पहाटे उठून तीस गणितं करतो आहे आणि पास होणार आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
शालिकराम

ता. क. सत्त्याण्णवचा तो पेपर भयंकर होता की सोपा, मला माहीत नाही. मी तो पाहिलाच नाही. शाळेच्या फाटकापर्यंत गेलो, पाय पुढे पडेनात, म्हणून तीन तास समोरच्या टपरीवर बसलो आणि पडल्या चेहऱ्यानं तुझ्या घरी आलो. मार्कशीटवर 'गैरहजर' लिहून आलं, म्हणून ती कोणाला दाखवली नाही. माझी आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, की घरात रसायनाची मास्तरीण असून पोरगं रसायनातच बुडालं, आणि तू ते ऐकून घेत राहिलीस. तुझ्या शिकवण्यात काही कमी नव्हतं. मला फार लाज वाटते ताई.

आणखी एक. परीक्षा उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, अमरावतीला, दुपारी अडीच वाजता. तुझ्या नोट्स नकोत, जुन्या प्रश्नपत्रिकाही नकोत. तू फक्त ये आणि फाटकाशी उभी राहा. गुडघ्यांसाठी खुर्ची मी आणतो, पण फाटक माझ्यामागे बंद झाल्याशिवाय बसू नकोस. अपेक्षाला मी काल सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "बेबीआत्याले बलावा. तुमाले मी एकटी धरू नाई शकत."