परक्या माणसांचे फोटो

आत्याबाई, तुमचा मुलगा घरातले फोटो पुसून टाकतोय आणि त्यांना थांबवायचं कसं ते मला कळेनासं झालंय. सासूला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर सून तिच्या लेकाचं गाऱ्हाणं घेऊन बसते, हे कुणी ऐकलं तर हसेल. पण दुसऱ्या कुणाला सांगू? त्यांना लहानपणापासून ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता. यांच्या गळ्यातला कॅमेरा तेवढा तुम्ही पाहिलेला. पुढे नोकरीभर ते शेतकऱ्यांच्या बांधावर हिंडले आणि जिथे गेले तिथले फोटो काढत राहिले. कपाशी, कांदा, मुळा धरणाचं पाणी, मुलीचे वाढदिवस, आपल्या गावातली, सोनईतली सगळी लग्नं. निवृत्तीनंतर जुने कागदी फोटोसुद्धा एकेक स्कॅन करून राहुरीच्या या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये भरले. नीट लावू लावू म्हणत लावायचे मात्र राहिले. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर दोन', 'नंतर बघू' अशा नावांखाली सगळं आयुष्य कोंबलेलं. मग त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, फोटो दाखवत जा, नावं घेत जा. म्हणून या वयात मी माउस हातात धरायला शिकले.

साल आणि माणूस अशी वाटणी करून लावायला घेतलं, तर आज लावलेलं उद्या कमी भरायचं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. एका सकाळी भाजी निवडता निवडता आत डोकावले तर हे कॉम्प्युटरपुढे बसलेले. एकेक फोटो उघडतायत, निरखून बघतायत, पुसतायत. मुलीच्या लग्नातली अख्खी पंगत उठलेली होती. मी विचारलं, "काय करताय?" म्हणाले, "साफसफाई. ही कोन मानसं हायेत? परक्यांचे फोटू आपल्या घरात कशाला?" आवाजात राग नव्हता, उलट घर आवरल्याचं समाधान होतं. अलीकडे त्यांचं बोलणंही पुन्हा सोनईचं झालंय. आणि नीटनेटके पहिल्यापासूनचे, त्यामुळे पुसलेलं जिथे जाऊन साठतं तेही रिकामं करूनच उठतात.

मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, पासवर्ड टाक." टाकला. दुपारभर ते बंद पडद्यापुढे बसून एकेक बटण दाबत राहिले. शेवटी मला म्हणाले, "बाई, माजं सगळं याच्यात हाय. मला आत जाऊ द्या की." मला 'जाऊ द्या' म्हणाले, आत्याबाई, एखाद्या कचेरीतल्या बाईला विनवावं तसे. मी तिथल्या तिथे पासवर्ड काढून टाकला. आता दुपारी त्यांचा डोळा लागला की मी एका छोट्या डिस्कवर सगळ्याची नक्कल करते आणि ती डिस्क बाजरीच्या डब्यात खुपसून ठेवते. पण नक्कल ठेवून तरी काय करू? कितीतरी चेहरे असे आहेत की ते कुणाचे हे फक्त यांना ठाऊक. सोनईच्या अंगणातल्या बायका, बैलाशेजारी उभा असलेला म्हातारा, तुमच्या मांडीवरचं ते बाळ. मी बोट ठेवून विचारत जाते. एखाद्या दिवशी चटकन सांगतात, "ह्यो धाकला मामा, लई खोडील." मी एकेक अक्षर शोधत टाईप करेपर्यंत तेच मला विचारतात, "कोन मामा?" रोज थोडी थोडी माणसं जातायत, मशीनमधूनही आणि यांच्यातूनही, आणि माझा हात तेवढ्या वेगानं चालत नाही. तुम्ही असतात तर शेजारी बसवून सगळी नावं विचारून घेतली असती.

तुमचाही चुलीपुढचा एक फोटो होता. मी नव्यानंच आलेली. तुम्ही भाकरी थापताय, यांनी दारातून कॅमेरा उचलला, तशी पिठाच्या हातानंच पदर ओढलात आणि रागावलात मात्र माझ्यावर. "तू काय हासती? त्याला सांग, आसल्या अवतारात फोटू काढू नको म्हनून. मानूस गेलं की तेवढंच ऱ्हातं." कितीतरी दिवस मी तुमच्यापुढे मान वर केली नव्हती. मग एका संध्याकाळी तुम्हीच ट्रंकेतलं हिरवं इरकल लुगडं काढून माझ्या हातात दिलंत. "फोटूला बसशील तवा ह्ये नेस." तो चुलीपुढचा फोटो मी महिनाभर शोधतेय. प्रत्येक फोल्डर उघडून पाहिलं, बाजरीतल्या डिस्कवरही पाहिलं. सापडत नाही. मी नकला ठेवायला लागण्याआधीच तो गेला असणार.

काल दुपारी त्यांनी हाक मारली, "आई, हिकडं ये." मी मागे वळून पाहिलं. घरात दुसरं कुणीच नव्हतं. पडद्यावर माझा लग्नाआधीचा फोटो होता, श्रीरामपूरच्या स्टुडिओत काढलेला, स्थळाकडे पाठवायचा. मला वाटलं, आता हाही गेला. तर म्हणाले, "ही पोरगी बघून आलो. मला आवडली. तुला पसंत हाय का?" बोट माउसवरच होतं. तुम्ही त्या वेळी काय उत्तर दिलंत, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. मी म्हटलं, "पसंत हाय." त्यांनी मान डोलावली आणि फोटो नुसताच बंद केला.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, इथेच टेबलाच्या खणात राहील. तुमचा होकार मी तुम्हाला न विचारता देऊन टाकला, एवढंच तुमच्या कानावर घालायचं होतं.