चिंगीचं चौथं पान

प्रिय ताई,

हे पत्र तू एकटी असताना वाच. कच्चं तीनदा लिहून फाडलं, आता पक्कं लिहितो आहे. परवा तुझ्या दवाखान्यातून भाऊजींना फोन आला. औषध लागू पडलं आहे, तू जेवतेस, झोपतेस, पण घरी यायला नको म्हणतेस. फोन ठेवून भाऊजी चपला न घालताच बाहेर गेले. आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि ती माझ्यावर घसरली, "तुम्हा पुरुषांना तिच्याशी कधी धड बोलता आलंय का?"

तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं तसं आम्ही दर रविवारी करत आलो. सगळ्यांनी मिळून फिरायचं, पडलेली पानं, काटक्या, खडे वेचायचे, घरी येऊन कागदावर चित्र मांडायचं आणि ते तुला पाठवायचं. चांगलं-वाईट म्हणायचं नाही, नुसतं सोबत बसायचं. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "पाला गोळा करून कुणाचं दुखणं बरं झालंय?" आता तीच पिशवी भरून आणते, आणि भाऊजींनी किडकं पान उचललं की त्यांना ओरडते. भाऊजी तुझ्या चिंगीला मातीचा रंग कालवून देतात. तेवढे दोन तास घरात माणसं आहेत असं वाटतं. एरवी तुझ्या बंद खोलीसमोरून आम्ही पाय न वाजवता जातो.

चित्र टिकाऊ करायचं काम माझं. पानं टीपकागदात घालून बाइंडिंगच्या कारखान्यात शिकंज्याखाली दाबतो. मालक म्हणतात, "तुला पुस्तकं बांधायला ठेवलंय, झाडं नाही." मग खळ लावून पानं जिथल्या तिथे चिकटवतो, कडा कापतो आणि टपालात टाकतो.

जिथल्या तिथे म्हणालो, ते खरं नाही. चिंगी दर वेळी तुमचं घर मांडते. रुंद पान भाऊजी, लांबट तू, तांबूस ती स्वतः. तुला ही तीनच पोचली. तिने चार मांडली होती. चौथं नखाएवढं, तुझ्या पानाला चिकटून. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बाळाला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. वाटलं, हे बघून तू पुन्हा अन्न सोडशील. मी ते अलगद उचललं आणि तुझं पान सरकवून जागा भरून काढली. पुढच्या रविवारीही तेच. आठ वेळा, ताई. इतक्या सफाईने, की खळीचा डागसुद्धा राहिला नाही.

बाईंनी फोनवर तुझं बोलणं सांगितलं, "त्या घरात माझं बाळ कधी नव्हतंच." भाऊजींना अर्थ लागला नाही. मला लागला.

काल चिंगीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. "मामा, तो आईजवळ झोपला होता ना?" एवढंच म्हणाली आणि उठून गेली. आज रविवार. ती कागदापाशी आलीच नाही.

ती आठ पानं मी फेकली नव्हती. सोबतच्या पाकिटात आहेत, प्रत्येकाखाली तारीख आहे. एकाची कड मोडली, ती माझ्याच हातून. बाळाला इथे कुणी विसरलेलं नाही. विसरल्याचं सोंग मी एकट्याने रचलं. हे पत्र टाकून आलो की आई-भाऊजींना सांगणार आहे. तू मला क्षमा करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस, मी कारखान्यात राहायला जाईन. पण घरी ये. चिंगीला आता माझं काहीच खरं वाटत नाही. बाळ होतं, हे तिला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझाच,
धाकटा