लोसाच्या गोळ्या

ऑकलंड, ३ मार्च १९९८
चि. लोसा हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.
तुला दिवस गेल्याची बातमी कळली! आमच्या बेकरीत सगळ्यांना गोड पाव वाटले. आता झाडावर चढून पपया काढणं बंद हं, माकडे!
एक काळजी मात्र आहे. चर्चमधल्या एका बाईंच्या सुनेने फिटच्या गोळ्या घेतल्या आणि बाळ पाठीचं व्यंग घेऊन जन्मलं. तुझ्याही त्याच गोळ्या. कितीतरी दिवसांत तुला फिट आलेली नाही, मग आजपासून बंदच कर. मोठा भाऊ सांगतोय, ऐक. लोभ आहेच, तो वाढव.
तुझा, पेनिआता

सवाई बेट, ९ एप्रिल
ती. दादास शि. सा. न. वि. वि.
हे पत्र तोनू लिहितोय, म्हणून अक्षर असं. नवऱ्याला शाळेत कुणी शिकवलंच नाही!
रविवारी स्वयंपाकाला उमूच्या भट्टीतल्या तापलेल्या दगडांवर पानं पसरताना मला फिट आली. माझा लिहिता डावा हात दगडांवर पडून भाजला. तोनूने ओढून काढलं. बाळ हलतंय, ठीक आहे.
डॉक्टरीणबाई फार रागावल्या. गोळ्यांची भीती खरी, पण बंद करण्याआधी मला विचारायचं, एकदम सोडल्या की फिट उसळते, म्हणाल्या. दुसरी गोळी सुरू केलीय. कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मलाच वाटलं, असं मी म्हटलं. आईलाही तेच सांगितलंय. तुम्ही कुढू नका. कृपा असू द्यावी.
तुमची, लोसा

ऑकलंड, २ मे
चि. लोसा हिस अनेक आशीर्वाद.
तू माझं नाव घेतलं नाहीस, तेच जास्त लागलं. भावाने बहिणीची राखण करायची, ही आपली रीत. मी मात्र ऐकीव गोष्टीवर तुला हुकूम सोडला. एका डॉक्टरलाही विचारलं नाही.
आईला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, माझ्याशी काय बोलतोस, तिच्याशी बोल. पण तुझ्यासमोर यायची लाज वाटते गं. जमलं तर माया ठेव.
पेनिआता

सवाई, १४ सप्टेंबर
ती. दादास शि. सा. न. वि. वि.
मुलगी झाली! डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं, सगळं नीट आहे म्हणाल्या, तेव्हा कुठे मी रडले.
माझी डावी मूठ अजून वळत नाही. राग आला नाही असं म्हणणार नाही, आला होता. पण तुम्ही लाज धरून तिकडेच बसलात, तर माझी सोय काय? लाज वाटते तर ती घेऊनच या. पोरीला अंघोळ घालायला दोन हात लागतात, आणि माझा एकच चालतो.
वाट पाहते.
लोसा