रेणूच्या पोटातली गाठ

७ ऑगस्ट
अंगणवाडीत मी पोरांच्या उंच्या घेतल्या. माझी रेणू सगळ्यांत वर. तीन महिन्यांत चार सेंमी! मदतनीस बाई म्हणाल्या, "मॅडमची पोरगी मस्त वाढून राहिली." हसले. मग तक्ता पाहिला. रेणूला पाच पूर्ण, अन् उंची सात वर्षांच्या पोरीची.

१० ऑगस्ट
आंघोळ घालताना दिसलं. काखेत केस. घामाला मोठ्या माणसाचा वास. कपाळावरचे फोड मी उन्हाचे समजत होते.
सासूबाईंना सांगितलं. "कोणाले सांगू नको. लग्नाले आडवं येईन."
पाचव्या वर्षी लग्न!!

१३ ऑगस्ट
गल्लीतली पोरं रेणूला "ए काकाजी" म्हणतात. आवाज जाड झालाय म्हणून. आज दिवसभर बोलली नाही. खुणा करून पाणी मागितलं.

१७ ऑगस्ट
लाखनीचे डॉक्टर म्हणाले, "काही मुली लवकर वाढतात." रेणूच्या बाबांना पटलं. मला नाही.
"मले रेणूले नागपूरले न्यायचं हाय."
"धानाची रोवणी चालू हाय, काहून घाई करतं?"
"मंग मी एकटी जातो."

१८ ऑगस्ट
सकाळी बसस्टँडवर हे आमच्या आधीच उभे.

२१ ऑगस्ट, नागपूर
रक्त, सोनोग्राफी, स्कॅन. डॉक्टरीण बाईंनी कागदावर काढून दाखवलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर छोटी ग्रंथी असते. डावीकडच्या ग्रंथीत गाठ. तीच पुरुषी हार्मोन सोडतेय, म्हणून हे सगळं.
"कधीपासून वाढतेय अशी?"
मला तारखा पाठ होत्या. दर महिन्याला मीच लिहीत होते, खुशीत.

२ सप्टेंबर
गाठ निघाली. लिंबाएवढी. चार तास हे रेणूचा फ्रॉक हातात धरून बसले. चहा आणून दिला, तसाच गार झाला.
गाठ तपासायला गेली. कॅन्सर आहे की नाही ते आठ दिवसांनी.

९ सप्टेंबर
घरी. केस, फोड कमी होतील म्हणे. आवाज बहुतेक असाच राहील. हाडं वयाच्या पुढं गेलीत, ती मागं येत नाहीत. सासूबाईंनी दृष्ट काढली अन् चूल फुंकत रडल्या.

११ सप्टेंबर, शुक्रवार
फोन आला. गाठीचे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलेत, सोमवारी सांगू.
हे म्हणाले, "म्हणजे वाईट का?"
"म्हणजे सोमवारी."
रेणू टाके सांभाळत पायरीवर बसली होती. "आई, अंगणवाडीत कधी येऊ?"
"सोमवारी," तोंडून निघून गेलं.
आता ती बोटांवर दिवस मोजतेय.