गोळीचा उपास

२९ जुलै, मंगळवार

बायकोचा, जयवंतीचा, रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल १८६. तीन महिन्यांपूर्वी १९१ होतं. गोळी चालू, स्टेरॉल घातलेलं महागडं दूध चालू, तळण बंद — आणि उतरलं किती, तर पाच! पालघरचे डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, जणू बातमी मीच दाबली. तिचा भाऊ पंचेचाळिशीत हृदयाने गेला, हे त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी डोस वाढवला. एसटीने बोईसरला परतलो. दमलो.

२ ऑगस्ट, शनिवार

आमच्या पेपरला आरोग्य पुरवणीसाठी माहितीची चौकट हवी. डॉक्टरांनाच फोन केला. वनस्पतींतलं स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतं — एसटीत रुमाल टाकावा तसं. फरक पडतो, पण दहा टक्क्यांच्या आसपास. गोळीचं काम ते करत नाही. आणि कोलेस्टेरॉलवर विकतात त्या उसाच्या मेणातल्या अल्कोहोलच्या — दारू नव्हे — कॅप्सूल? सुरुवातीला गाजल्या, म्हणाले, पुढच्या चाचण्यांत काही निघालं नाही. आमच्या फडताळात दोन बाटल्या आहेत. तिच्या भाच्याची, रूपेशची भेट.

४ ऑगस्ट, सोमवार

कारण सापडलं! फराळानंतर गोळी पुढे केली, तर म्हणे आज नको, उपास आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी — सगळे गोळीलाही लागू. उरलेल्या दिवशी स्टेरॉलचं दूध प्यायलं की गोळी 'ज्यादा होते'. दूध उपासाला चालतं, दूधच ते. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत औषध येतं, हे मी थेट संस्कृतात ऐकवलं.

"श्लोक लिहिणाऱ्याने कधी उपास केला होता का?"

गोळी परत पाकिटात ठेवली.

५ ऑगस्ट

नवापूरची काशीबाई सुके बोंबील घेऊन दारात. श्रावणात आम्ही मासळी घेत नाही, गप्पा घेतो. तिला सगळं कळलेलं. "वयनी, देव काय गोली मोजत बसलाय?" जयवंती हसली. गोळी घेतली नाही. एकादशी.

१० ऑगस्ट, रविवार

तोड शेवटी पोथ्यांतच निघाली. व्रत दुसऱ्याकडून करवता येतं. बायको आजारी असेल तर नवऱ्याने करावं. म्हणजे उपास मी करायचे, तिने जेवायचं आणि गोळी रोज घ्यायची. जयवंती बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिली. झेपेल का, विचारलं. मग कबूल झाली. इतक्या वर्षांत माझं संस्कृत घरात पहिल्यांदा उपयोगी पडलं!

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी ताम्हन घेऊन बसलो. तळहातावर पळीभर पाणी घेतलं. व्रत कशासाठी, ते संकल्पात म्हणावं लागतं. तिला विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या आधी मला न्यावं देवाने, एवढंच. अहेव जायचंय."

संकल्प न सोडताच पाणी परत भांड्यात ओतलं.

दुपारी जेवून तिने ठरल्याप्रमाणे गोळी घेतली. मला दिवसभर काही गेलं नाही.