शेवटच्या कडव्यातलं नाव

बिरकत अल अवामेर, कतार
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

ती. हौसाताईस,
शि. सा. नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? मी मजेत. एसीच्या डक्टचं काम चालूच. परवा इंजिनिअरचं माप अर्ध्या इंचाने चुकलेलं मीच दाखवलं. फोनवर तू "बरं आहे"च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र.

काल संध्याकाळी दोह्यातल्या अझीझियात मराठी मंडळींपुढे गायलो. इथल्या बावीस वर्षांत अशी टाळी मिळाली नव्हती! पेटी माझी, ढोलकी खोलीतल्या जहूरची. मला गुरू नाही, तरी सूर कणभर हलला नाही. जहूर म्हणतो, "भाई, तू रूह से गाता है."

माझी स्वतःची अकरा गाणी आहेत. लोक मागतात एकच, शेंगांचं.

ते माझं नाही, ताई. अंगणात शेंगा फोडताना तू रचलंस. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत. तू लाजून जागा मोकळी ठेवलीस आणि मी 'म्हणे हरिदास' भरून मोकळा झालो. नऊ वर्षांपूर्वी फोनवर ऐकवलं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "आवाज चांगला लागलाय." तुझी शालू सांगते, त्यानंतर आई काही रचत नाही.

तालमीला कार्यक्रम बसवणाऱ्या विभावरी मॅडमनी विचारलं, "हरिदासराव, 'शेंगा फोडता फोडता माहेर सांडलं परडीत' म्हणता, तुम्हाला हो कसलं माहेर?"
"मॅडम, कतार म्हणजे सासरच की!"
सगळे हसले. मला मात्र जेवण गेलं नाही.

काल शेवटच्या कडव्याला आलो आणि गायलो, 'म्हणे हौसाबाई'. हरिदास पाच मात्रांचा, हौसाबाई आठ. ढोलकीवाल्याला आधी सांगायचं राहिलं! जहूरचा हात हवेतच.
"उस्ताद, ये कौन आ गया?"
"मालकीण आली. यल्ला, चल, थोडा सरक!"

मग माइकवर सगळं सांगितलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर, हौसाबाई!" दुसऱ्यांदा अख्ख्या हॉलने तुझं नाव गायलं, तेही तालात. त्या तीन मात्रांनी गाणं सुधारलंय, हे मला कबूल करावं लागतं.

मॅडमचे मिस्टर गाणं रेकॉर्ड करू म्हणतात. तुझा होकार आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. नाही म्हणालीस तरी चालेल. पण तू म्हण, शालूकडून निरोप नको.

तुझ्या गाण्याचा नुसता गायक,
हरिदास