सहा कोंबड्या आणि एक आंबट बादली

३ फेब्रुवारी, सोमवार
कन्या पाच आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. तिच्या सहा कोंबड्या आजपासून माझ्या ताब्यात. सूचना: सकाळ-संध्याकाळ कोरडा दाणा, पाणी स्वच्छ. रिक्षात बसता बसता म्हणाली, बाबा, प्लीज, यात सुधारणा करू नका.
हसलो. एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. सुधारणा केली नाही असा दिवस गेला नाही. रिटायर होऊन महिना झाला म्हणून नजर मेली नाही.
सध्या रोजची अंडी: पाच. कोंबड्या: सहा. म्हणजे एक कामचुकार आहे. शोधणे.

४ फेब्रुवारी
कामचुकार सापडली नाही. सगळ्यांचे चेहरे सारखेच निरागस. संशय काळीवर. चालीवरून तिचं नाव हेडबाई ठेवलं.
व्हिडिओ पाहिला. दाणा पाण्यात भिजवून तीन-चार दिवस आंबवायचा, पाणी निथळून मग घालायचा. पचायला हलका, बलक गडद, दाणा कमी लागतो. इतकं सोपं असून घरात कुणाला सुचलं नाही!
बायकोला सांगितलं. ती शिवणयंत्रावर होती. मान वर न करता विचारलं, पोरीनं काय सांगितलं होतं? म्हटलं, तिनं हा व्हिडिओ पाहिलेला नाही. बायको म्हणाली, पाहिला असणार, म्हणूनच सांगून गेली.

५ फेब्रुवारी
निळी बादली घेतली. ती फरशी पुसायची आहे असं नंतर कळलं. आता धुतली आहे. दाणा, वर चार बोटं पाणी. रोज दोनदा ढवळायचं.
संकल्प: पहाटे साडेपाचला उठणे.

६ फेब्रुवारी, सकाळी ८.२०
उठलो. ढवळलं.

८ फेब्रुवारी
फेस आला! बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, छान, आता बाहेर न्या. शास्त्राबद्दल इतकी उदासीनता बरी नव्हे.
कन्येचा फोन. सगळं ठीक आहे म्हणालो. ‘सगळं’मध्ये काय काय येतं ते तिनं विचारलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
ऐतिहासिक दिवस. पहिलं ताट वाढलं. सहाही जणी धावत आल्या आणि ताटापासून हातभर अंतरावर थांबल्या. हेडबाईनं एक दाणा उचलला, ठेवला, आणि चोच मातीत दोन्ही बाजूंनी पुसली. मग सगळ्यांनी पुसल्या.
कुंपणापलीकडून शेजारी बघत होते. रिटायर्ड बसड्रायव्हर. माणूस सज्जन, पण चौतीस वर्षं एकाच रूटवर गाडी चालवलेली, नवीन वाटेचं वावडं. म्हणाले, साहेब, त्यांना भूक नाही का? म्हटलं, विचार करताहेत.
अंडी: चार. बदलाच्या काळात उत्पादन थोडं खाली येतंच. कारखान्यात लिंबाचा वास आणला तेव्हाही आलं होतं. (तेव्हा ते परत वर गेलं नाही, पण कारणं वेगळी होती.)

१२ फेब्रुवारी
अंडी: तीन. कोंबड्या दोन घास खातात आणि माझ्याकडे बघतात. कृतज्ञता असावी.
बायको म्हणाली, कोरडा दाणा द्या, हट्ट सोडा. म्हटलं, नव्या चवीला वेळ द्यावा लागतो. ती म्हणाली, वेळ त्यांच्याकडे आहे, पोरगी नऊ मार्चला येतेय.
पंचवीस दिवस. भरपूर.

१४ फेब्रुवारी
बादलीवर हिरवट थर. याला कल्चर म्हणतात. बायको याला बुरशी म्हणते. तटस्थ मत हवं म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, हिरवं आहे? म्हटलं, हिरवट. केसाळ आहे? किंचित. फेका, म्हणाले. पुढे म्हणाले, लांब फेका. फोन स्पीकरवर होता. बायको टाके घालत होती, थांबली नाही, पण खांदे हलत होते.
फेकलं.
निष्कर्ष: बादली चूक. काचेची बरणी बरोबर.

१५ फेब्रुवारी
नवा घाणा मोठ्या बरणीत. वासाची तक्रार नको म्हणून झाकण घट्ट लावलं. व्हिडिओत झाकण सैल ठेवा म्हणतात, पण ते नवशिक्यांसाठी. बरणीला ऊब हवी, आणि घरात सगळ्यात उबदार जागा म्हणजे शिवणाच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलामागचं कपाट. बायकोला सांगितलं नाही. ती कामात होती. उद्याही कामातच असेल.

१७ फेब्रुवारी, दुपारी १२.१५
सकाळी अकरा चाळीसला शिवणाच्या खोलीत आवाज झाला. कुणाला लागलं नाही. बायको त्या वेळी दारात गिऱ्हाइकाशी बोलत होती.
बरणी राहिली नाही. झाकण पंख्यावर सापडलं. कपाटात गिऱ्हाईक नर्सबाईंसाठी शिवलेले चार पांढरे युनिफॉर्म होते. आता ते पांढरे नाहीत.
बायकोनं न्हाणीत जाऊन साबणाची वडी आणली, माझ्या हातावर ठेवली. आमच्याच कारखान्याची.

संध्याकाळी ६
डाग साधारण सत्तर टक्के गेले. वडीत दोष नाही. कपडे आधी नीट भिजवायला हवे होते. बायको म्हणते, वास शंभर टक्के राहिला. नर्सबाईंना नवीन कापड आणून देणार आहे. मी पिशवी धरायला जायचं आहे.

१८ फेब्रुवारी
संकल्प: यापुढे सगळं व्हिडिओत सांगतात तस्सं.
अंडी: एक.

२१ फेब्रुवारी
अंडी: शून्य.
पण काळजीचं कारण नाही, कारण कोंबड्या तब्येतीनं उत्तम. तुकतुकीत. आंबवलेल्याचे दोन घास पुरतात हे सिद्ध झालं. सकाळी दार उघडलं की कुंपणाच्या कोपऱ्यातल्या भोकातून पलीकडे फिरायला जातात, दुपारनंतर येतात. व्यायामाची आवड आपोआप लागली. बायकोला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेय.

२४ फेब्रुवारी
नाश्त्याला बायकोनं ऑम्लेट केलं. बलक काय रंगाचा! केशरी! म्हटलं, ही आंबवल्याची करामत, सुरुवातीच्या दिवसांतली अंडी तू जपून ठेवली होतीस वाटतं. तिनं विचारलं, आवडलं ना? मग खा.
कन्येचा फोन. अंडी किती, तिनं विचारलं. म्हटलं, बलकाचा रंग विचार. ती म्हणाली, आईला फोन द्या. दोघी दार लावून वीस मिनिटं बोलल्या. मधेच हसल्या. मुलीला आईची आठवण येणारच.

१ मार्च, शनिवार
घाणा जमला! घट्टपणा योग्य, बुरशी नाही, वास दह्यासारखा स्वच्छ. बायकोला हुंगायला लावलं. ती हुंगून म्हणाली, हो, जमलं हो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बरं बोलली. हिला पटायला वेळ लागतो, पण पटतं.
ताट घेऊन गेलो. खुराड्यात कुणी नव्हतं. तासभर उभा राहिलो. दाण्यावर चिमण्या आल्या. चिमण्यांना आवडलं.

३ मार्च
ड्रायव्हरसाहेब दारात. हातात वाटीभर अंडी. म्हणाले, वहिनी आहेत का? आजची पाच.
म्हटलं, तुम्ही कोंबड्या कधी पाळल्यात? ते घोटाळले. माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. म्हणाले, पाळल्या नाहीत, येतात. लाकडाच्या ढिगामागं घालतात. मी वहिनींना रोज आणून देतो.
रोज!
विचारलं, खायला काय घालता? म्हणाले, काही विशेष नाही. मूठ-मूठ कोरडा मका टाकतो आणि पेपर वाचत बसतो.
आत जाऊन बायकोला जाब विचारला. ती म्हणाली, माझ्या समोर सहा जीव उपाशी कसे ठेवू? मीच ड्रायव्हरसाहेबांना मका नेऊन दिला. आणि तुमचाही जीव होताच ना त्या बादलीत. तुमचं मनही मोडवेना.
म्हणजे ते ऑम्लेट…
या विषयावर आज अधिक लिहीत नाही.

५ मार्च
अधिक विचार केला. दोष खाद्यात नाही, जागेत आहे. ताट घेऊन ड्रायव्हरसाहेबांच्या अंगणात गेलो. हेडबाईनं मला पाहिलं आणि एक आवाज काढला. सहाही जणी पेरूच्या झाडावर. कोंबड्या इतक्या उंच उडतात हे मला माहीत नव्हतं. ड्रायव्हरसाहेबांनाही नव्हतं.
त्यांनी खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाले, साहेब, तुम्ही ताट मागच्या दारी ठेवून या, मग उतरतील. ठेवून आलो. उतरल्या. मग आम्ही दोघं पेपर वाचत बसलो. मला मधली पानं मिळाली. सकाळ बरी गेली.

८ मार्च
उद्या कन्या येणार. योजना: सकाळी सहाही जणींना खुराड्यात आणणे, भोक बुजवणे, कन्येला जमलेला घाणा दाखवणे, बाकीचं योग्य वेळी सांगणे. योग्य वेळ: पुढचं वर्ष.

९ मार्च, रविवार
कोंबड्या आल्या नाहीत. योजनेप्रमाणे भोक बुजवलं, तेव्हा त्या पलीकडेच होत्या. कन्या आली ती थेट शेजारच्या अंगणात गेली. तिला सगळं माहीत होतं. कधीपासून, ते विचारलं नाही.
तिनं कोंबड्या मोजल्या. परत मोजल्या. मग माझ्या गळ्यातच पडली. म्हणाली, बाबा, सहाच्या सहा! मी चार धरून चालले होते!
म्हणजे अपेक्षेपेक्षा पन्नास टक्के जास्त. कारखान्यात असा आकडा कधी गाठला नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं.
बायको म्हणाली, मी तीन धरल्या होत्या.
ड्रायव्हरसाहेब भले गृहस्थ. त्यांना म्हटलं, तुम्ही तरी सहा धरल्या असतील? त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, साहेब, मी तुम्हाला धरून सात मोजत होतो. काळजी तुमचीच होती.